झाकली मूठ इथे चालत नाही: अमेरिकेत संशोधनाला येणाऱ्यांसाठी रिसर्च सिक्युरिटीची वाट

अमेरिकेतल्या विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झाल्यावर मी पाठवलेलं पहिलंच प्रपोजल, म्हणजे संशोधन-निधीसाठीचा अर्ज, एका न लिहिलेल्या ओळीमुळे अडकलं. भारतातल्या माझ्या जुन्या संस्थेने मला मानद अ‍ॅडजंट (जोड-प्राध्यापक) म्हणून नेमलं होतं. पगार नाही, खोली नाही, एका पीएच.डी. विद्यार्थिनीला सहमार्गदर्शन करायचं, एवढंच. यात सांगण्यासारखं काय आहे, असं मला मनापासून वाटलं आणि मी ते लिहिलं नाही. पण आमच्या शोधनिबंधात माझ्या नावाखाली दोन संस्था छापल्या होत्या. फंडिंग एजन्सीने निबंध आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पुढचे सहा आठवडे खुलासे, नेमणूकपत्राच्या प्रती आणि बैठका यांत गेले. ग्रँट शेवटी मिळाली, पण त्या सत्रात ज्या विद्यार्थ्याचा पगार त्यातून निघायचा होता, त्याला ऐनवेळी दुसऱ्या विभागात टीचिंग असिस्टंटशिप शोधत फिरावं लागलं. त्याची काहीच चूक नव्हती, म्हणून ते मला आजही लागतं.

पीएच.डी., पोस्टडॉक किंवा नव्या प्राध्यापकीसाठी इथे येणाऱ्या आपल्या लोकांना रिसर्च सिक्युरिटी, म्हणजे परदेशी संबंध जाहीर करण्याचे आणि संवेदनशील तंत्रज्ञान जपण्याचे नियम, आधी माहीत असावेत, म्हणून हा लेख.

हे सगळं आलं कुठून

१९८५ साली रेगन सरकारने एनएसडीडी-१८९ नावाचा निर्देश काढला. मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले राहावेत, आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठी काही झाकायचंच असेल तर ते रीतसर गोपनीय ठरवूनच झाकावं, हे त्याचं सार. तो निर्देश अजून लागू आहे. नंतरच्या काळात वेगळी चिंता पुढे आली. काही सरकारं, विशेषतः चीनचं, टॅलेंट प्रोग्रॅममधून (बाहेरच्या संशोधकांना पैसे देऊन बोलावण्याच्या योजनांतून) अमेरिकेतल्या प्राध्यापकांना दुसरा पगार आणि दुसरी प्रयोगशाळा देत होती, आणि काही करारांत ही गोष्ट मूळ विद्यापीठाला कळू नये अशी अपेक्षा असायची. अमेरिकी करदात्याच्या पैशातून झालेलं काम प्रकाशित होण्याआधीच दुसरीकडे पोचत असेल, तर ते कुणालाही खटकणारच.

त्यावर जानेवारी २०२१ मध्ये एनएसपीएम-३३ हा अध्यक्षीय निर्देश आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये चिप्स अँड सायन्स अ‍ॅक्ट हा कायदा झाला. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया हे त्यात नाव घेतलेले 'चिंतेचे देश'. भारत त्यांत नाही. पण म्हणून 'आपण भारतीय, आपल्याला काय' असं समजू नका. परदेशी नेमणुका आणि परदेशी पैसा जाहीर करण्याचा नियम सगळ्या देशांना सारखाच आहे.

भीती वाटणं स्वाभाविक आहे. एमआयटीतले यांत्रिकी अभियंते गँग चेन यांना चीनशी असलेले संबंध लपवल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली, आणि बरोब्बर वर्षभराने सरकारने सगळे आरोप मागे घेतले. ते वर्ष त्यांना कुणी परत दिलं नाही. म्हणूनच २०२२ च्या कायद्यात वंश, वांशिकता किंवा मूळ राष्ट्रीयत्व पाहून कुणाला लक्ष्य करू नये, असं वेगळं कलम आहे. ते माहीत असू द्या. मात्र त्या कलमाचा आधार घेताना आपले कागद आधी नीट हवेत.

१. तुम्ही कोण आहात ते ठरवा

नियम माणसागणिक बदलतात, त्यामुळे दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवा.

पहिला, व्हिसाचा. एफ-१, जे-१ किंवा एच-१बी वर असाल तर एक्सपोर्ट कंट्रोलच्या, म्हणजे संवेदनशील वस्तू आणि तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरच्या, कायद्यांत तुम्ही 'फॉरेन पर्सन' आहात. ग्रीन कार्ड आलं की 'यूएस पर्सन' होता. दुसरा, भूमिकेचा. तुम्ही विद्यार्थी आहात, पोस्टडॉक आहात, की प्रपोजलवर 'सीनियर/की पर्सन' म्हणून नाव असलेले संशोधक? डिस्क्लोजरचे, म्हणजे नेमणुका आणि निधी जाहीर करण्याचे, फॉर्म मुख्यतः या तिसऱ्या गटाला भरावे लागतात. पण पोस्टडॉकचं नावही कधी कधी त्या यादीत जातं, म्हणून तुमच्या पीआयला, म्हणजे प्रकल्पप्रमुखाला, सरळ विचारा.

ऊर्जा खात्याच्या नॅशनल लॅबमध्ये जाणार असाल तर बाहेरच्या नागरिकांना प्रवेश मिळण्याआधी वेगळी तपासणी होते. ती पूर्ण होईपर्यंत घराचा करार किंवा विमानाचं परत न होणारं तिकीट करू नका.

२. एक फाइल उघडा आणि त्यात सगळं टाका

हे काम कंटाळवाणं आहे, पण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. प्रपोजलच्या आदल्या रात्री पाच वर्षांपूर्वीचं नेमणूकपत्र शोधायला बसलात तर चूक ठरलेली. फाइलमध्ये हे असू द्या:

- पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद). तुमच्या स्थितीप्रमाणे आय-२० (एफ-१ साठी), डीएस-२०१९ (जे-१ साठी) किंवा आय-७९७ (एच-१बी मंजुरीचा कागद)
- गेल्या काही वर्षांतली सगळी नेमणूकपत्रं, बिनपगारी आणि मानदसुद्धा
- भारतातल्या नोकरीवर लिअन (जागेवर परत जाण्याचा हक्क) ठेवून आला असाल तर रजा मंजुरीचा आदेश
- शिष्यवृत्ती किंवा फेलोशिपचं पत्र आणि त्यासोबतचा बाँड
- परदेशी संस्थांशी केलेले करार, सामंजस्य करार, साहित्य देवाणघेवाणीचे आणि गोपनीयतेचे करार
- प्रकाशनांची यादी. प्रत्येकापुढे तुमच्या नावाखाली छापलेली संस्था आणि आभारात नोंदलेला निधी
- पेटंट, कंपनीतली भागीदारी, सल्लागारीचं उत्पन्न
- दुसऱ्याने खर्च केलेले प्रवास, तारखांसह

लिअनबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडच्या सरकारी प्रयोगशाळांतून आणि सरकारी कॉलेजांतून येणारे बरेचजण इथेच चुकतात. 'मी तिथे सध्या काम करत नाही, पगारही घेत नाही, मग ती नेमणूक कशी?' असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण जागा तुमच्या नावावर राखून ठेवलेली आहे आणि तिथे परत जाण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे. म्हणजे परदेशी सरकारी संस्थेशी तुमचं नातं चालू आहे. ते लिहायचं.

शिष्यवृत्तीचंही तसंच. केंद्र किंवा राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला आला असाल तर त्यात गैर काही नाही. पण तुम्ही तुमच्या पीआयच्या प्रकल्पावर काम करत असाल आणि तुमचा खर्च दुसरं सरकार उचलत असेल, तर पीआयला ती गोष्ट स्वतःच्या फॉर्ममध्ये दाखवावी लागू शकते. त्यांना हे तुमच्याकडूनच कळलं पाहिजे. पहिल्या महिन्यात दोन ओळींचा ईमेल पाठवा आणि सोबत पत्राची प्रत जोडा.

करार मराठीत किंवा हिंदीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. आरोग्य संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था एनआयएच जानेवारी २०२२ पासून परदेशी करारांच्या प्रती मागते आणि त्या इंग्रजीत लागतात.

३. फॉर्म भरा: बायोस्केच आणि 'करंट अँड पेंडिंग'

डिस्क्लोजरचे मुख्य कागद दोन. बायोग्राफिकल स्केचमध्ये तुमचं शिक्षण, नेमणुका आणि काम असतं. 'करंट अँड पेंडिंग (अदर) सपोर्ट'मध्ये तुमच्या हातात असलेला आणि तुम्ही मागितलेला सगळा आधार असतो. एनआयएचचे लोक त्याला नुसतं 'अदर सपोर्ट' म्हणतात. एनएसएफसाठी, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी निधीसंस्थेसाठी, दोन्ही कागद सायएन-सीव्ही या संकेतस्थळावरच तयार करावे लागतात आणि त्याला ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, जोडता येतो. ऑर्किड आयडी नसेल तर आजच काढा, फुकट आहे.

नेमणुकांच्या रकान्यात काय लिहायचं? पगारी असो वा बिनपगारी, पूर्णवेळ, अर्धवेळ किंवा स्वेच्छेची, देशातली किंवा परदेशातली, सगळं. अ‍ॅडजंट, व्हिजिटिंग, मानद ही विशेषणं लावल्याने काही सुटत नाही. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. 'नेमणूक' या शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात 'नोकरी' असा होता. फॉर्मच्या भाषेत त्याचा अर्थ 'संस्थेने तुम्हाला दिलेलं स्थान' असा आहे.

दुसऱ्या फॉर्ममध्ये प्रत्येक प्रकल्पापुढे तुमचा वेळ पर्सन-मंथमध्ये लिहायचा असतो. वर्षाचे बारा महिने धरून त्यातले किती त्या कामाला जातात, हा तो आकडा. भारतातल्या सहकाऱ्याच्या प्रकल्पात तुम्ही सहसंशोधक असाल आणि एक पैसाही घेत नसाल, तरी वेळ जातो, म्हणून तो प्रकल्प इथे येतो. पैशाऐवजी वस्तुरूपाने किंवा माणसाच्या रूपाने मिळालेली मदतही येते: दुसऱ्या संस्थेच्या खर्चाने तुमच्या लॅबमध्ये आलेला विद्यार्थी, परदेशी विद्यापीठाने तुमच्या कामासाठी दिलेलं उपकरण किंवा जागा.

कोणत्या मदतीला किती रकमेची मर्यादा आहे आणि कुठे सूट आहे, हे एजन्सीप्रमाणे बदलतं. ते पाठ करण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्स ऑफिसमध्ये (ग्रँटचे कागद सांभाळणारं ऑफिस) तुमच्या विभागासाठी नेमलेली व्यक्ती असते. तिला विचारा, आणि लेखी विचारा. तोंडी मिळालेलं 'हे लिहायची गरज नाही' दोन वर्षांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही. ईमेल राहतो.

दोन व्यावहारिक सापळे. एक, सायएन-सीव्हीवरून उतरवलेल्या पीडीएफवर तुमचं डिजिटल प्रमाणीकरण असतं. ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केली, तर ते जातं आणि फाइल परत येते. दोन, ऑफिसातला सहायक तुमच्या वतीने माहिती भरू शकतो, पण प्रमाणित तुम्हालाच करावं लागतं. त्या बटणाखालचा मजकूर वाचा. ही माहिती खरी, पूर्ण आणि अद्ययावत आहे, असं तुम्ही अमेरिकी सरकारला लिहून देत असता. जाणूनबुजून खोटं लिहिल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाचे तत्कालीन प्रमुख चार्ल्स लीबर यांचं प्रकरण याच मुद्द्यावर उभं राहिलं. वुहान युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीशी संबंध आणि चीनच्या थाउजंड टॅलेंट्स कार्यक्रमातला सहभाग यांबद्दल तपास अधिकाऱ्यांना खोटं सांगणं आणि करविषयक गुन्हे, यांसाठी त्यांना डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरवलं गेलं. हेरगिरीचा आरोप त्यांच्यावर नव्हता. वुहानशी काम करणं त्या काळी बेकायदाही नव्हतं. विचारल्यावर नाही म्हणणं नडलं.

संस्थांनाही हे भोवतं. परदेशी निधी प्रपोजलमध्ये दाखवला गेला नाही, या आरोपावरून स्टॅनफर्डने ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारशी १९ लाख डॉलरची तडजोड केली. तेव्हा तुमचं ऑफिस एकच प्रश्न तीनदा विचारत असेल तर रागावू नका.

४. टॅलेंट प्रोग्रॅम: कोणता चालतो, कोणता नाही

कायद्यात 'फॉरेन टॅलेंट रिक्रूटमेंट प्रोग्रॅम' आणि त्यातला 'मॅलाइन', म्हणजे घातक, असे दोन प्रकार आहेत. हा फरक नीट समजून घ्या, कारण गोंधळामुळे लोक एकतर सगळं नाकारतात किंवा सगळं लपवतात.

घातक ठरण्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. कार्यक्रम चिंतेच्या देशाचा किंवा सरकारच्या विशिष्ट याद्यांतल्या संस्थेचा असणं, ही एक. दुसरी, करारात आक्षेपार्ह अटी असणं: बौद्धिक संपदा परवानगीशिवाय हस्तांतरित करा, आणखी लोक भरती करा, अमेरिकेतल्या नेमणुकीचा भंग होईल अशी लॅब तिथे उभारा, करार सहजासहजी सोडता येणार नाही, हे मूळ संस्थेला सांगू नका, वगैरे. अशा कार्यक्रमात असलेली व्यक्ती २० मे २०२४ पासून एनएसएफच्या प्रपोजलवर सीनियर/की पर्सन होऊ शकत नाही. पीआय आणि को-पीआय यांना दरवर्षी तसं प्रमाणित करावं लागतं.

आता आपला प्रश्न. भारत सरकारच्या 'वज्र' योजनेत परदेशातला संशोधक वर्षातले एक ते तीन महिने भारतातल्या संस्थेत येतो. पहिल्या महिन्याला १५,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला १०,००० डॉलर, अशी तिची रचना. 'वैभव' फेलोशिप परदेशस्थ भारतीय वंशाच्या संशोधकांसाठी आहे. वर्षाला एक-दोन महिने, महिना चार लाख रुपये, तीन वर्षांपर्यंत. या चांगल्या योजना आहेत आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचा फायदा होतो. पण परदेशी सरकारने बाहेरच्या संशोधकाला पैसे देऊन बोलवायची योजना, हे त्यांचं रूप उघड आहे. भारत चिंतेचा देश नसल्यामुळे त्या आपोआप घातक ठरत नाहीत. तरीही:

- अर्ज करण्याआधी विद्यापीठाची लेखी परवानगी घ्या; बाहेरच्या कामाला वर्षाला किती दिवस चालतात, हे तुमच्या नियुक्तीच्या अटींत असतं
- मिळाल्यावर नेमणूक बायोस्केचमध्ये आणि वेळ-पैसा दुसऱ्या फॉर्ममध्ये दाखवा
- त्या महिन्यांत अमेरिकी ग्रँटवरून पगार घेत नाही ना, ते तपासा; एकाच महिन्यासाठी दोन ठिकाणी शंभर टक्के वेळ लिहिला गेला तर ते कुणीही शोधून काढेल
- तिथे तयार होणाऱ्या बौद्धिक संपदेवर कुणाचा हक्क, हे करारात वाचा आणि समजून घ्या

तुम्ही अमेरिकी सरकारचे थेट कर्मचारी असाल तर हा विषयच संपतो. त्यांना कोणत्याही परदेशी टॅलेंट प्रोग्रॅममध्ये भाग घेता येत नाही, देश कुठलाही असो.

एनआयएचच्या ग्रँटवर असाल तर आर्थिक हितसंबंधांचा फॉर्म वेगळा असतो. अमेरिकी विद्यापीठाकडून व्याख्यानाचं मानधन मिळालं तर त्यात सूट आहे. परदेशी विद्यापीठाला ती सूट नाही. ५,००० डॉलरची मर्यादा ओलांडली की ते मानधन विद्यापीठाला कळवा.

५. एक्सपोर्ट कंट्रोल: खोलीतल्या खोलीत होणारी निर्यात

निर्यात म्हटलं की डोळ्यांपुढे जहाज आणि खोकी येतात. इथे गोष्ट वेगळी आहे. नियंत्रित तंत्रज्ञान किंवा सोर्स कोड अमेरिकेतच बसून एखाद्या फॉरेन पर्सनला दाखवला, तर ती त्याच्या देशाला केलेली निर्यात मानली जाते. याला 'डीम्ड एक्सपोर्ट' म्हणतात. म्हणजे टेबलापलीकडे बसलेल्या तुम्हाला एखादा आराखडा दाखवणं हीसुद्धा भारताला निर्यात ठरू शकते.

नियमावल्या मुख्यतः दोन. वाणिज्य खात्याची ईएआर ही नागरी आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तूंसाठी, तर परराष्ट्र खात्याची आयटार लष्करी वस्तूंसाठी. ईएआरच्या यादीत प्रत्येक नियंत्रित वस्तूला ईसीसीएन हा क्रमांक असतो. काही थर्मल कॅमेरे, काही पाच-अक्षी यंत्रं, विशिष्ट रोगजंतू, आणि सप्टेंबर २०२४ पासून क्वांटम संगणकाशी निगडित काही उपकरणं अशा यादीत आहेत.

आपला मोठा आधार आहे 'फंडामेंटल रिसर्च' ही सवलत. जे संशोधन प्रसिद्ध करून सगळ्यांना खुलं करायचं आहे आणि ज्याच्या प्रसिद्धीवर बंधन घातलेलं नाही, त्यातून येणारी माहिती या नियंत्रणाबाहेर राहते. विद्यापीठातलं बहुतेक काम यात बसतं. पण सवलत तीन ठिकाणी निसटते आणि तिन्ही ठिकाणी नवा माणूस बेसावध असतो.

पहिलं, करारातलं कलम. प्रायोजक कंपनी म्हणते, 'निबंध पाठवण्याआधी आमची मंजुरी घ्या.' गोपनीय माहिती चुकून गेली नाही ना, हे पाहण्यासाठी थोडा वेळ मागणं चालतं. प्रकाशन अडवण्याचा हक्क मागितला तर सवलत धोक्यात येते. 'या प्रकल्पावर फक्त अमेरिकी नागरिक' असं कलम असेल तरी तेच. अशा करारावर स्वतः सही करू नका. बहुतेक विद्यापीठांत तो अधिकारही तुम्हाला नसतो.

दुसरं, कंपनीने गोपनीयतेच्या करारावर दिलेली माहिती. ती तुमच्या संशोधनातून निर्माण झालेली नाही, आधीपासून त्यांची आहे. तिला सवलत लागू नाही.

तिसरं, वस्तू. निष्कर्ष खुले असले तरी नमुना किंवा उपकरण कुरियरने पाठवणं ही सरळ निर्यात आहे.

नियंत्रित यंत्र नुसतं चालवायलाही परवाना लागतो का, असं मला बरेचजण घाबरून विचारतात. ईएआरमध्ये 'वापरा'च्या तंत्रज्ञानाची व्याख्या चालवणं, बसवणं, देखभाल, दुरुस्ती, ओव्हरहॉल आणि नूतनीकरण ही सगळी एकत्र धरून केली आहे. त्यामुळे बटणं दाबून मोजमाप घेण्याने बहुतेक वेळा प्रश्न येत नाही. पण यंत्राच्या आतल्या रचनेचे तपशील किंवा सर्व्हिस मॅन्युअल हाताळायचं असेल तर थांबून विचारा. लष्करी, म्हणजे आयटारच्या यादीतल्या वस्तूंबाबत ही सैल व्याख्या धरून चालू नका.

एच-१बी मिळवून देताना विद्यापीठाला आय-१२९ अर्जाच्या सहाव्या भागात लिहून द्यावं लागतं, की या व्यक्तीला नियंत्रित तंत्रज्ञान दाखवायला परवाना लागतो की नाही. त्यासाठी तुमच्या पीआयकडे एक प्रश्नावली येते. ती त्यांनी घाईत भरू नये म्हणून आपल्या कामाचा एक परिच्छेद तुम्हीच लिहून द्या.

टेनेसी विद्यापीठातले प्लाझ्मा शास्त्रज्ञ जॉन रीस रॉथ हवाई दलाच्या ड्रोनशी संबंधित प्रकल्पावर होते. त्यावर त्यांनी चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना काम करू दिलं आणि प्रकल्पाची माहिती चीनच्या दौऱ्यावर नेली. विद्यापीठाच्या एक्सपोर्ट कंट्रोल अधिकाऱ्याने त्यांना सावध केलं होतं. २००८ मध्ये ते दोषी ठरले आणि २००९ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. माझ्या लॅबमधल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी हे सांगतो. आपल्या कुतूहलाला आणि चांगल्या हेतूला कायदा सूट देत नाही, हे त्यातून लवकर कळतं.

६. सहकार्याआधी नाव तपासा

वाणिज्य खात्याची 'एंटिटी लिस्ट' (ज्यांना निर्यात करायला परवाना लागतो अशा परदेशी संस्थांची यादी) आणि इतर याद्या एकत्र शोधता येणारी 'कन्सॉलिडेटेड स्क्रीनिंग लिस्ट' सरकारी संकेतस्थळावर खुली आहे. नाव टाकायचं आणि पाहायचं. भारतीय संस्था तिथे असतील असं आपल्या मनातही येत नाही, पण १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर कितीतरी आल्या होत्या. इस्रोच्या संस्था जानेवारी २०११ मध्ये निघाल्या. भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स थेट जानेवारी २०२५ मध्ये. यादी बदलत राहते, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने तपासा आणि त्या दिवसाचा स्क्रीनशॉट फाइलमध्ये ठेवा.

यादीत नाव सापडलं म्हणजे त्या संस्थेतल्या माणसाशी बोलणंच बंद, असं नाही. खुल्या संशोधनावर एकत्र निबंध लिहिणं त्याने आपोआप बेकायदा होत नाही. वस्तू, सॉफ्टवेअर किंवा नियंत्रित माहिती पाठवायची तर परवाना लागतो. कुठे रेष ओढायची ते एक्सपोर्ट कंट्रोल ऑफिस सांगेल.

अनोळखी ईमेलकडेही लक्ष असू द्या. 'तुमच्या विषयावर एक छोटा अहवाल लिहा, चांगलं मानधन देऊ', आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात अप्रकाशित डेटाची किंवा तुम्ही परीक्षण करत असलेल्या प्रपोजलची चौकशी. पैसे कोण देतंय ते स्पष्ट नसेल तर उत्तर न देता ते पत्र विद्यापीठाच्या रिसर्च सिक्युरिटी ऑफिसला पाठवा. परीक्षणासाठी आलेलं प्रपोजल कुणालाच दाखवायचं नसतं, जुन्या गुरुजींनाही नाही.

७. सुट्टीला घरी जाताना

भारतात जाताना नेहमीचा लॅपटॉप नेला तर बहुतेकांना अडचण येत नाही. ईएआरमध्ये स्वतःच्या सामानासाठी आणि कामाच्या साधनांसाठी सवलती आहेत. विद्यापीठाचा लॅपटॉप तुमच्या ताब्यात राहायला हवा आणि वर्षाच्या आत परत यायला हवा. निर्बंध असलेल्या देशांत जाताना मात्र हेच नियम धरून चालू नका. लॅपटॉपवर नियंत्रित डेटा किंवा कंपनीची गोपनीय माहिती असेल तर तो नेऊच नका. बऱ्याच विद्यापीठांत प्रवासासाठी उसना लॅपटॉप मिळतो. मी तोच नेतो. परतीच्या वाटेवर सीमाशुल्क अधिकारी उपकरणं तपासू शकतात, तेव्हा त्यात जितकं कमी तितकं बरं.

कामासाठी जात असाल तर प्रवासाची नोंद आधी करा. खर्च दुसऱ्या संस्थेने केला असेल तर तेही लिहा.

व्हिसाच्या मुलाखतीत २२१(जी) चा, म्हणजे अर्ज आणखी तपासणीसाठी थांबवल्याचा, कागद हातात पडला तर घाबरू नका. संवेदनशील विषयांवर काम करणाऱ्यांना तो बरेचदा मिळतो. सीव्ही, प्रकाशनांची यादी, संशोधनाचा एक पानाचा सारांश आणि पीआयचं पत्र सोबत ठेवा. सारांश सोप्या भाषेत आणि खरा लिहा. सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधीची मुलाखत घेऊ नका.

८. ट्रेनिंग

सीनियर/की पर्सन असाल तर प्रपोजलच्या आधीच्या बारा महिन्यांत रिसर्च सिक्युरिटीचं ट्रेनिंग झालेलं असावं लागतं. एनएसएफच्या मदतीने तयार झालेली चार प्रकरणं ऑनलाइन आहेत, त्यांची साधारण तासाभराची आटोपशीर आवृत्तीही आहे. प्रमाणपत्र फाइलमध्ये टाका आणि संपल्याची तारीख कॅलेंडरवर लावा.

९. चूक लक्षात आली तर

समजा, ग्रँट मिळाल्यावर आठवलं की एक नेमणूक राहून गेली. पहिली इच्छा होते गप्प बसायची. पुढच्या फॉर्ममध्ये हळूच घालू, असंही वाटतं. तसं करू नका. त्याच दिवशी स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्स ऑफिसला लिहा. एनएसएफच्या नियमाप्रमाणे राहून गेलेला चालू निधी लक्षात आल्यापासून ३० दिवसांत संस्थेने कळवायचा असतो. एनआयएचला तर लगेच कळवावं लागतं. एजन्सीशी तुम्ही परस्पर बोलू नका, ते काम संस्थेचं आहे.

पत्रात चार गोष्टी लिहा: काय राहिलं, कधीपासून कधीपर्यंत, त्यात पैसा किंवा वेळ किती, आणि ते का राहिलं. मूळ नेमणूकपत्र जोडा. 'का'चं उत्तर एका वाक्यात द्या आणि खरं द्या. माझ्या पत्रात ते वाक्य होतं, 'बिनपगारी पद नेमणुकीत मोडतं हे मला माहीत नव्हतं.' त्यावर एक प्रश्न आला: अशी आणखी काही पदं आहेत का? मी फाइल पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. एक जुनी परीक्षक समिती सापडली, तीही लिहून पाठवली. नऊ दिवसांनी ग्रँट सुटली.